‘पण’नंतरचं वाक्य

बीड, ५ जानेवारी २०२६

यशोधरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला टाकलंस तरी मला नवल वाटणार नाही. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलं आहेस, तेव्हा पोस्टाशिवाय इलाज नव्हता. तुझा पुण्याचा पत्ता धनश्रीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस. तुमच्या बॅचमधली तीच एक अजून क्लासकडे फिरकते, आणि चार दिवस मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिनं तो लिहून दिला.

काम एवढंच, की बँकेच्या अधिकारी पदाची जाहिरात आली आहे. फॉर्मची शेवटची तारीख अठ्ठावीस जानेवारी. गेल्या वर्षी तू मुलाखतीपर्यंत पोचली होतीस. इंग्रजीचा निबंध म्हणजे तुझ्या हातचा मळ. एवढी तयारी झालेली मुलगी फॉर्म भरत नाही, हे मला बघवत नाही.

क्लास तसाच आहे. बस स्टँडच्या मागे, खाली टायरचं दुकान, वर आपण. या आठवड्यात विरोध दाखवणारे शब्द घेतले. हा धडा आला की माझा रक्तदाब वाढतो, तुला माहीतच आहे. काल साठ वह्या तपासल्या आणि त्यात बेचाळीस जणांनी ‘ऑलदो’नं वाक्य सुरू करून मधे ‘बट’ही घातला होता. ऑलदो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड. आपल्याला ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ आल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून पोरं इंग्रजीतही दोन दोन लावून मोकळी होतात. मी ओरडलो, एका वाक्याला एकच पुरे, एक तर ऑलदो ठेवा नाही तर बट ठेवा. तर मागच्या बाकावरून आवाज, “सर, दोन लावलं की वाक्य घट्ट बसतंय ना.” सगळा वर्ग हसला, मीही हसलो. तू असतीस तर त्याला तू तिथल्या तिथे सरळ केलं असतंस.

गेल्या फेब्रुवारीतल्या त्या प्रकाराबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. फ्लेक्सवर ‘निवड झाल्याबद्दल’ छापलं गेलं ते चूकच होतं. शहेबाजच्या छपाईच्या दुकानात जयंतीच्या फ्लेक्सची गर्दी होती, त्यानं घाईत जुन्या मजकुरात तुझं नाव आणि फोटो टाकला. मला वाईट वाटतं, पण अशा गोष्टी होत असतात. तेवढ्यासाठी पुण्यात जाऊन कुठल्यातरी कंपनीत दिवसभर लोकांचे फोन उचलत बसायचं, हे तुला शोभत नाही.

फॉर्म भर.

मतीन सर

बीड, १९ जानेवारी

यशोधरा,

चौदा दिवस झाले. खाली पोस्टमनची सायकल वाजली की मी फळ्यावर अर्धं वाक्य सोडून खिडकीशी जातो. पोरांना वाटतं, सरांना कोर्टाचं काहीतरी यायचं आहे.

तुला लिहिलेल्या पत्राचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. तो मी हुस्नाला वाचून दाखवला. माझ्या बायकोला तू दोनदा भेटली आहेस, तिच्या बोलण्यात आडपडदा नसतो हे तुला ठाऊक आहे. ब्लाउजला हुक लावता लावता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ही माफी हाय का नोटीस?”

मी म्हटलं, माफीच आहे, वाईट वाटतं असं लिहिलंय की.

“मग त्याच्या म्होरं पण कावून घातलं? वाईट वाटतंय ते राहिलं बाजूला. पोरीला ऐकू काय गेलं, तर अशा गोष्टी होत असत्यात.”

मी फोटो पुन्हा उघडून ते वाक्य वाचलं. कारण हेच तू एकदा माझ्या वर्गात सांगितलं होतंस. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती: दुकान लहान आहे पण स्वच्छ आहे, दुकान स्वच्छ आहे पण लहान आहे. शब्द तेच, तर फरक काय, असं विचारलं. कुणालाच सांगता येईना. तू उठलीस आणि म्हणालीस, “सर, बटच्या आधीचं माणूस तिथंच विसरतो, नंतरचं घरी घेऊन जातो.” तेव्हापासून प्रत्येक बॅचला मी हे वाक्य माझं म्हणून ऐकवतो. तेही आता सांगून टाकतो.

शहेबाजचा काही दोष नाही. त्यानं मजकूर बरोबर केला होता: ‘मुलाखतीसाठी पात्र ठरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मोबाइलवर कच्चा नमुना आला, तो मी पाहिला आणि लिहून पाठवलं, ‘निवड झाल्याबद्दल कर’. आदल्या दिवशी समोरच्या क्लासनं तीन चेहऱ्यांचा फ्लेक्स स्टँडच्या तोंडावर लावला होता. माझ्याकडे एकच चेहरा होता, तुझा. तू टेबलाशी उभी होतीस. म्हणालीस, “सर, मुलाखत व्हायचीय अजून. गावाकडं लोक खरं धरतील.” मी म्हणालो, मुलाखत म्हणजे नुसता उपचार. दुसऱ्या दिवशी तू परत आलीस आणि तेच सांगितलंस. मी तुला वह्या तपासायला बसवलं.

पुढचं तुला सांगायला नको. फ्लेक्सचा फोटो तुमच्या गावी, युसूफ वडगावला पोचला, उघडी जीप आली, डीजे आला, जेसीबीच्या बकेटमधून तुझ्यावर फुलं टाकली. तुझे वडील भगवानराव फेटा बांधून जीपच्या पुढं चालत होते. माझ्या हातात माइक आला आणि मी म्हणालो, यशोधरा आता साहेब झाली. तू माझ्याकडे पाहत होतीस. एप्रिलमध्ये अंतिम यादी लागली, तीत तुझं नाव नव्हतं. तुझ्याच गावात तू खोटारडी ठरलीस. धनश्री सांगते, भगवानराव तेव्हापासून तुझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

माझ्यामुळे झालं हे. याच्यापुढे मी काही लिहीत नाही.

अठ्ठावीस तारीख लक्षात ठेव.

मतीन सर

बीड, ३ फेब्रुवारी

यशोधरा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोनच वाक्यं होती: ‘सर, मला काही समजावू नका. गावात जाऊन सांगा.’ आठवड्यात मी ते इतक्यांदा वाचलं, की हुस्नानं शेवटी काढून फडताळात ठेवलं. फॉर्मची तारीख गेली. तू भरला नाहीस, हे धनश्रीकडून कळलं.

तू म्हणालीस तसं केलं. रविवारी युसूफ वडगावला गेलो होतो. मांजरसुंब्यावरून केजला, तिथून जीपनं. भगवानराव कामावर होते, भेट झाली नाही. गावातही माणसं नाहीत, निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय. पुन्हा जाईन.

मतीन सर

बीड, ८ फेब्रुवारी

यशोधरा,

भगवानराव कामावर होते हे खरं. भेट झाली नाही हेही खरं. बाकी जे लिहिलं नाही, ते आज लिहितो.

मी स्टँडवरच्या हॉटेलात बसलो होतो. समोर एका नव्या गाळ्याचं बांधकाम चाललंय. तुझे वडील बांबूच्या पायाडावर उभे राहून भिंतीला गिलावा करत होते. मधला रस्ता फक्त वीस पावलांचा. मी तीन चहा प्यालो. ते एकदा खाली उतरले, पाणी प्यायले, पुन्हा वर चढले. मी तासभर नुसता बघत बसलो, मग केजची जीप लागली तशी जाऊन बसलो.

पाय पुढे का पडला नाही, ते सांगतो. जीव थाऱ्यावर नाही माझा, सांगितल्याशिवाय येणारही नाही.

अंतिम यादी लागल्यावर मे महिन्यात एक पालक क्लासला आले होते. नव्या बॅचला मुलाला घालायचं होतं. त्यांनी विचारलं, “सर, मागं तुमी त्या पोरीचा फ्लेक्स लावलता, ती तर लागली न्हाई म्हणत्यात?” वर्गात वीस पोरं बसलेली. मी म्हणालो, “काय करणार, मुलीनंच आम्हाला तसं सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला.”

ते गृहस्थ युसूफ वडगावचे होते. मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी काय बोललो असतो, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. गावात तू खोटं बोललीस ही गोष्ट आपसूक पसरली नाही. ती माझ्या तोंडून गेली.

काल ‘ऑन द अदर हँड’ आणि ‘ऑन द काँट्ररी’ यांतला फरक शिकवत होतो. एका गोष्टीच्या दोन बाजू दाखवायच्या असतील तर पहिला. आधीचं म्हणणंच खोटं आहे, खरं त्याच्या उलट आहे, असं ठणकावून सांगायचं असेल तर दुसरा. पोरं उदाहरण मागत होती. मी खडू उचलला आणि हातून लिहिलं गेलं: द गर्ल डिड नॉट लाय. ऑन द काँट्ररी, शी वॉर्न्ड मी ट्वाइस. मुलगी खोटं बोलली नाही, उलट तिनं मला दोनदा सावध केलं.

सगळ्यांनी मुकाट उतरवून घेतलं. एका मुलीनं हात वर केला. “सर, कोणती मुलगी?”

मी खडू ठेवला. जिन्यात जाऊन उभा राहिलो. खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू होता. वर्गात परत जायला मला दहा मिनिटं लागली, आणि गेलो तेव्हा ती पोरगी माझी नजर टाळून वहीत बघत होती. तिलाही कळलं होतं, की सरांचं काहीतरी चुकलेलं आहे.

मला माफ कर, असं लिहिणार नाही. ती मागायची माझी वेळ अजून आलेली नाही.

मतीन

बीड, १६ फेब्रुवारी

यशोधरा,

काल गेलो. या वेळी हॉटेलात बसलो नाही, सरळ तुमच्या घरी गेलो. घाईघाईनं लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

भगवानराव ओट्यावर बसून गिलाव्याची थापी धूत होते. तुझ्या आईनं, मनकर्णाबाईंनी, मला पाणी दिलं. पाणी देताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भगवानराव बसा म्हणाले, पण मी उभ्यानंच बोललो. वाक्यं पाठ करून गेलो होतो, वर्गात पोरांकडून करून घेतो तशी. फ्लेक्सवरचे शब्द मी बदलले. यशोधरानं मला दोनदा अडवलं होतं. ती खोटं बोलली असं मी लोकांना सांगितलं, ते सपशेल खोटं होतं. संपलं. 

भगवानराव थापी पुसत राहिले. मग म्हणाले, “सर, मला ठाव हाय.”

मला वाटलं, धनश्री बोलली असेल.

“कुनी सांगाय लागत न्हाई. पोरीनं मला त्याच सांजंला सांगितलतं. दादा, मुलाखत राहिलीय अजून, जीप नका आणू. मी म्हणलं, गप बस. सरांनी फोटू लावलाय, एवढे शिकलेले सर खोटं लावत्यात व्हय?” त्यांनी थापी खाली ठेवली. “मलाच मिरवायचं व्हतं, सर. तीस वरीस दुसऱ्याच्या भिंती वळंबा लावून सरळ धरल्या. एक दिस माझ्या नावानं डीजे वाजाय लागला, तवा मला कायच ऐकू येईना.”

यशोधरा, मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो.

“मग यादी लागली. चौकात लोकं म्हणाय लागली, भगवानच्या पोरीनं बापाला बी फशिवलं, गावाला बी. मी तिथंच बसलतो. एक शब्द बोललो न्हाई. बोललो असतो तर लोकं म्हणली असती, ठाव असून नाचला व्हय रे?”

आतून मनकर्णाबाई म्हणाल्या, “आन् घरी येऊन लेकीसंगं बी बोलले न्हाईत.”

“कोणत्या तोंडानं बोलू?” ते म्हणाले.

तुझ्या कार्डावर ‘दादांना सांगा’ असं नव्हतं. ‘गावात सांगा’ असं होतं. ते मी इतक्यांदा वाचूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुझे वडील सगळं जाणतात हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. एकदा जरी तू चौकात म्हणाली असतीस, की दादांना विचारा, तरी तुझ्यावरचा डाग त्याच दिवशी गेला असता. तू म्हणाली नाहीस. बॅग भरलीस आणि पुण्याला गेलीस. वर्गात दोन वर्षं मी तुला शिकवलं, आणि तू काय आहेस ते मला तुमच्या ओट्यावर बसून कळलं. मला रडू आलं. भगवानरावांनी गमछा पुढं केला.

एक तुला माहीत नसावं, म्हणून ठळक लिहितो. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, कधीच नव्हते. त्यांना तुझ्यासमोर यायची लाज वाटते.

मी म्हटलं, चला, गावात सांगू. निम्मं गाव उसाला आहे, ऐकणारे कमी असतील, हा हिशोब माझ्या मनात होता, तोही लपवत नाही. आम्ही त्याच हॉटेलात गेलो. बारा-पंधरा माणसं असतील. मी तोंड उघडायच्या आत भगवानराव उभे राहिले. “माझ्या पोरीनं मला आधीच सांगितलतं. मी ऐकलं न्हाई. जीप मी आणली, डीजे मी लावला. तिनं कुनाला फशिवलं न्हाई. हे सर हायेत, त्यांनी बी सांगायचंय.” मग मी सांगितलं, सगळं, मे महिन्यातल्या त्या वाक्यासकट.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कोपऱ्यातला एक माणूस मला म्हणाला, “मग आता कावून सांगतोस बे? पोरीचं वरीस गेलं की.” मी म्हणालो, गेलं. एक म्हातारे आजोबा म्हणाले, आम्हीच लई बोललो तिला, आणि चहा तसाच ठेवून उठून गेले. बाकीचे आपापसात बोलत राहिले. एवढंच झालं.

बाहेर आल्यावर मला वाटलं, सुटलो. भगवानराव म्हणाले, “सर, जे लई बोलले ते समदे उसाला हायेत. पाडव्याला माघारी येत्यात. तवा परत या. समद्यांम्होरं परत सांगायचं.” मी येतो म्हणालो. जाणारच आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितो ते. जीप लागली तेव्हा भगवानराव माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले आणि त्यांनी तुझा पत्ता मागितला. फोनवर त्यांना बोलता येणार नाही, शब्द फुटणार नाही म्हणतात. पुण्याला येऊन समोर उभं राहायचं आहे. धुतलेला सदरा काढून ठेवलाय असंही म्हणाले. मनकर्णाबाईंना तू पत्ता दिलेला नाहीस, की दिलास आणि त्या दाबून बसल्यात, ते मला कळलं नाही.

पत्ता माझ्या खिशात होता. दिला नाही. तुला न विचारता आम्ही दोघांनी एकदा तुझं ठरवून टाकलं, ते पुरे झालं. मी त्यांना म्हणालो, यशोधराला विचारतो, ती सांगेल तसं. ते म्हणाले, “बरोबर हाय. तिलाच इचारा.”

आज सकाळी सातला त्यांचा फोन आला. “काय म्हणली?” मी म्हटलं, अहो, पत्र अजून टाकायचंय. उद्या पुन्हा येईल, परवाही येईल. तू ये म्हण, नको म्हण, सहा महिन्यांनी म्हण, की कधीच नको म्हण. जे लिहिशील ते मी त्यांना तुझ्याच शब्दांत वाचून दाखवीन, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

मतीन